माळ्यावरचा व्हॉल्व्हचा पोर्टेबल रेडिओ: कंपनी कुठली, साल कुठलं?

रामबागवाला
मंडळी, इंदूरचं रामबागेतलं आमचं जुनं घर रिकामं करणं चाललंय. माळ्यावरून इतर पसाऱ्याबरोबर एक रेडिओ खाली आला. साधारण अकरा इंच रुंद, आठ इंच उंच, लाकडी पेटीवर मरून रेक्झीन, वर चामड्याची मूठ (एका बाजूने तुटलेली). पुढचं झाकण वरच्या बाजूला उघडतं आणि उघडलं की आत कुठेतरी 'खट्' असा आवाज होतो. झाकणाच्या आतल्या बाजूला पुठ्ठ्यावर तारेचं चौकोनी वेटोळं आहे. डायलवर ५५ पासून १६० पर्यंत आकडे, बाकी काही नाही. दोन बटणं.

कंपनीची पाटी गायब आहे. तिच्या जागी दोन बारीक भोकं आणि एक लंबगोल डाग, तिथे रेक्झीनचा रंग अजून गडद आहे. मागचं दार उघडलं तर आत एक कागद चिकटवलेला, त्याला कसर लागलीय. त्यावर चार गोल काढलेत आणि त्यांत १आर५, १यू४, १यू५, ३व्ही४ असं लिहिलंय. खाली '११५ व्होल्ट' एवढंच वाचता येतं. कंपनीचं नाव असणार तो कोपरा नेमका किड्यांनी खाल्लाय.

थोरल्या काकांचं (वय ८४) म्हणणं असं, की हा रेडिओ होळकर महाराजांनी आबांना दिला, तोही महायुद्धाच्या आधी, आणि यावर घरचे सगळे रेडिओ सिलोन ऐकायचे. चुलतभाऊ म्हणतो लाखभर रुपये येतील. मला दोन गोष्टी हव्यात: हा नक्की कोणता आणि कधीचा? आणि प्लगला जोडून बघू का?

भिया_इंदौरी
भिया, इंदुरातल्या मराठी घरात जी वस्तू ओळखू येत नाही ती होळकरांनीच दिलेली असते. आमच्याकडे एक अडकित्ता आहे, तोसुद्धा. फोटो टाका, मी बघून राहिलोय.

लष्करची_सून
ग्वाल्हेरात तीच वस्तू शिंद्यांनी दिलेली असते. माझ्या सासरी सरौता आहे, म्हणजे तुमचा अडकित्ताच. :)

व्हॉल्व्हवाला
रामबागवाला, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. प्लगला जोडू नका. काका कितीही म्हणाले तरी.

कागदावर ११५ व्होल्ट लिहिलंय. आपल्याकडे भिंतीतून २३० येतात. हे चारही व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधी वापरायचे त्या काचेच्या नळ्या) बॅटरीवर चालणाऱ्या जातीचे आहेत. त्यांची फिलामेंट, म्हणजे आतली तापणारी तार, केसापेक्षा बारीक असते आणि ती ५० मिलिअँपिअरवर चालते. दुप्पट व्होल्टेज गेलं तर फिलामेंट उडेल आणि तुम्हाला काही कळायच्या आत उडेल.

दुसरं, अशा सेटात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो. प्लगची एक तार जवळपास थेट चेसिसला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला जाते. म्हणजे बटणाचा स्क्रू, स्पीकरची जाळी, जे काही धातूचं दिसेल त्याला करंट असू शकतो. आमच्या पिढीत ए.सी./डी.सी. सेट उघडताना एक हात खिशात ठेवायची सवय होती, ती उगाच नव्हती.

आता ओळख. अमेरिकन नंबर आहेत. पहिला आकडा फिलामेंटच्या व्होल्टेजचा अंदाज देतो. १ म्हणजे १.४ व्होल्ट, ३ म्हणजे २.८. बेरीज करा: १.४ तीनदा आणि २.८ एकदा, झाले ७. म्हणजे फिलामेंट एकापुढे एक, सीरिजमध्ये जोडलेली असणार आणि बॅटरीवर चालवताना साडेसात व्होल्टची 'ए' बॅटरी लागत असणार. शिवाय प्लेटसाठी (व्हॉल्व्हमधला फिलामेंटकडून येणारे इलेक्ट्रॉन ओढून घेणारा भाग) ६७.५ किंवा ९० व्होल्टची 'बी' बॅटरी. त्यात ११५ व्होल्टही लिहिलंय, म्हणजे ए.सी., डी.सी. आणि बॅटरी अशा तिन्हींवर चालणारा पोर्टेबल. अमेरिकेत युद्धानंतर असे सेट ढिगाने निघाले. सहल, समुद्रकिनारा, रेल्वेचा डबा यांसाठी. झाकणातलं वेटोळं म्हणजे एरिअल आणि तो 'खट्' म्हणजे झाकण उघडल्यावर चालू होणारा स्विच.

आत एक चौकोनी पातळ पत्र्यांची चळत दिसते का बघा, मधे बोल्ट घातलेला, रंग बहुतेक करडा किंवा हिरवट. दिसली तर कळवा. आणि स्पीकरच्या कडेवर शिक्क्यातले आकडे असतात, तेही.

दांडियाबाजार
बडोद्याहून. व्हॉल्व्हवाला यांच्याशी सहमत नाही. झाकणाचा पोर्टेबल आमच्याकडेही होता, फिलिप्सचा. त्यात डीके९१, डीएफ९१, डीएएफ९१ आणि डीएल९४ होते. व्हॉल्व्ह अजून डब्यात आहेत. दिसायला हुबेहूब सात पिनांचे, बारीक. तेव्हा अमेरिका कशाला, हा फिलिप्स नाहीतर मर्फी असणार. त्या काळात इंदूर-बडोद्याकडे अमेरिकन सेट किती लोकांकडे होते?

व्हॉल्व्हवाला
दांडियाबाजार, तुमचे व्हॉल्व्ह आणि त्यांचे व्हॉल्व्ह एकाच घराण्यातले आहेत, वाद तिथे नाहीच. डीके९१ म्हणजेच अमेरिकन १आर५. युरोपीय पद्धतीत डी म्हणजे १.४ व्होल्ट, के म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलणारा, एफ म्हणजे पेंटोड (सिग्नल वाढवणारा), ए म्हणजे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), एल म्हणजे आउटपुटचा, स्पीकर वाजवणारा. म्हणून डीएएफ म्हणजे एकाच काचेत डायोड आणि पेंटोड. पण फिलिप्सने आपल्या सेटातल्या कागदावर आपलेच नंबर छापले असते, १यू५ नव्हे.

दुसरा पुरावा डायल. ५५ ते १६० म्हणजे ५५० ते १६०० किलोसायकल (आजचे किलोहर्ट्झ), शेवटचं शून्य गाळून, म्हणजे नुसती मीडियम वेव्ह. ही अमेरिकन सवय. युरोपीय डायलवर मीटर असतात आणि बहुधा शहरांची नावं. आणि आपल्या बाजारासाठी बनवलेल्या सेटात शॉर्ट वेव्ह (लांबची केंद्रं ऐकायचा पट्टा) नाही असं सहसा होत नसे. घेतलाच कोणी नसता!

रामबागवाला
शॉर्ट वेव्ह नाही म्हणजे? मग सिलोन?

व्हॉल्व्हवाला
सिलोन आपल्याकडे ऐकायचे ते शॉर्ट वेव्हवर. या सेटवर शॉर्ट वेव्ह नाहीच. काकांनी सिलोन ऐकलं असेल, पण दुसऱ्या रेडिओवर.

भिया_इंदौरी
आता काकांना कोण सांगणार?

कुमुद_नारायणबाग
मी वयाने काकांच्याच जवळपास आहे, म्हणून लिहिते. त्या काळी घरात एकच रेडिओ असायचा हे खरं, पण शेजारचा, वरच्या मजल्यावरचा, कोपऱ्यावरच्या पानवाल्याचा, असे सगळे आपलेच असायचे. कुठल्या रेडिओवर काय ऐकलं ते कोणाला आठवतंय? आकाशवाणीचं इंदूर केंद्र २२ मे १९५५ ला सुरू झालं, मालवा हाउसला. त्याआधी मीडियम वेव्हवर दिवसा फारसं काही लागत नसे. रात्री मुंबई किंवा दिल्ली यायची, तीही खरखरत, अधूनमधून विरत.

महाराजांची गोष्ट मात्र अगदीच हसण्यावारी नेऊ नका. यशवंतराव महाराजांच्या दोन राण्या अमेरिकन होत्या. अमेरिकेला त्यांचं येणं-जाणं होतं आणि नव्या वस्तूंचा शौक होता. त्यांचा माणिकबाग राजवाडा ज्याने बघितला असेल त्याला वेगळं सांगायला नको. (आता तिथे कस्टम्सचं ऑफिस आहे, तो भाग वेगळा.) त्यामुळे अमेरिकन रेडिओ आणि इंदूर यांचा संबंध जुळू शकतो. प्रश्न फक्त सालाचा आहे.

आणि एक सुचवते. रेडिओचं लायसन्स असायचं. पोस्टात दरवर्षी फी भरून पुस्तिकेत नोंद करून घ्यावी लागायची. १९८० च्या दशकात ते बंद झालं, पण लोकांनी पुस्तिका फेकल्या नाहीत. घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत, वीजबिलांबरोबर शोधा. त्यात सेटची माहिती लिहिलेली असे.

महूचा_फौजी
सैन्याच्या सिग्नल्समधून (वायरलेसचं दल) निवृत्त, मुक्काम महू. १आर५ चं नाव वाचून राहवलं नाही. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन हातातला वायरलेस, बीसी-६११, त्यात हेच खानदान: १आर५, १टी४, १एस५ आणि दोन ३एस४. फिलामेंटला दीड व्होल्ट, प्लेटला १०३.५ व्होल्टची बॅटरी. त्याला वेगळा स्विच नव्हताच, एरिअल बाहेर ओढली की सेट चालू. तुमच्या झाकणाच्या 'खट्'ची बुद्धी तीच.

आमचे उस्ताद म्हणायचे, या व्हॉल्व्हला बोटाने टिचकी मारशील तर पगारातून कापीन. हवेत हलला तरी आवाजात घुमायचा.

लष्करची_सून
फौजीकाका, एक विचारू? व्हॉल्व्ह पेटलेला दिसत नसेल तर गेलाच समजायचं ना? आमच्या मोठ्या रेडिओचे कसे लालभडक दिसतात.

महूचा_फौजी
नाही ताई, या जातीत नाही. घरातल्या मोठ्या सेटच्या व्हॉल्व्हमध्ये आत हीटर असतो, तो लाल दिसतो. यात फिलामेंटच कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग. ती इतकी कमी तापते की अंधाऱ्या खोलीत बारकाईने पाहिलं तर कदाचित एक फिकट लालसर रेघ दिसेल, दिवसा काहीच नाही. 'पेटत नाही' म्हणून चांगले व्हॉल्व्ह फेकून दिलेले लोक मी पाहिलेत.

रामबागवाला
अपडेट. पत्र्यांची चळत सापडली! करडी, मधे बोल्ट, साधारण इंचभर चौकोनी. स्पीकरच्या लोखंडी कडेवर शिक्का आहे: ४६५१२३. मेणासारखं काहीतरी वितळून चेसिसवर सांडलंय. आणि दुसरी गंमत, माळ्यावर त्याच कोपऱ्यात एक जड काळा लोखंडी डबा होता. मला वाटलं जुनं वजन असेल. त्याच्या एका बाजूला आपली गोल पिनांची वायर आणि दुसऱ्या बाजूला चपट्या पिनांचं सॉकेट. पत्र्यावर खिळ्याने कोरल्यासारखं '२३०-११०' लिहिलंय.

व्हॉल्व्हवाला
वा! आता मजा आली.

डबा म्हणजे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. २३० चे ११० करून सेटला देणारा. म्हणजे हा सेट आपल्याकडे प्लगवर चालवला गेलाय आणि चालवणाऱ्याला काय करतोय ते कळत होतं.

करडी चळत म्हणजे सेलेनियम रेक्टिफायर, ए.सी. चं डी.सी. करणारा भाग. युद्धापूर्वीच्या सेटात या कामाला व्हॉल्व्ह असायचा, घरगुती सेटात सेलेनियम आलं ते युद्ध संपल्यावर. (जाता जाता: सेलेनियम जळलं की असा कुजका वास येतो की शेजारी विचारायला येतात. तो धूर विषारी असतो. जुन्या सेटातला सेलेनियम बदलून सिलिकॉन डायोड टाकतात, सोबत एक रजिस्टन्स, कारण डायोडमध्ये सेलेनियमपेक्षा कमी व्होल्टेज खर्च होतं आणि पुढे जास्त जातं.)

स्पीकरचा शिक्का तर सोनं आहे. अमेरिकन सुट्या भागांवर असे आकडे असत. पहिले तीन म्हणजे बनवणारी कंपनी, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, स्पीकर बनवणारे. पुढचा १ म्हणजे सालाचा शेवटचा आकडा. शेवटचे २३ म्हणजे आठवडा. तेविसावा आठवडा म्हणजे जूनची सुरुवात.

भिया_इंदौरी
सालाचा शेवटचा आकडा १? मग १९४१ पण झालं ना! काका जिंकले!! पोहे-जलेबी वाटा रे.

व्हॉल्व्हवाला
थांबा भिया, पोह्यांवरचं जिरावण इतक्यात काढू नका. १९४१, १९५१ किंवा १९६१. सेलेनियममुळे १९४१ बाद. शिवाय १यू५ आणि ३व्ही४ ही जोडीही घरगुती सेटांत युद्धानंतरच रुळली. १९४१ च्या सेटात १एस५ दिसला असता. १यू५ म्हणजे तोच, फक्त पिनांची मांडणी बदललेली.

१९६१ पण बाद, कारण तोवर पोर्टेबलमध्ये ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्हला घालवून दिलं होतं. बाजारात पहिला ट्रान्झिस्टर सेट अमेरिकेत १९५४ ला आला.

खात्री करायला अजून एक बघा. डायलवर ६४ आणि १२४ च्या जागी बारीक त्रिकोण आहेत का?

रामबागवाला
भिंग लावून बघितलं. त्रिकोण नाहीत. आकडे, बारीक रेघा, बस.

व्हॉल्व्हवाला
मग पक्कं. १९५३ पासून १९६३ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेडिओवर ६४० आणि १२४० किलोसायकलला त्रिकोण छापणं बंधनकारक होतं. हवाई हल्ल्याच्या वेळी बाकी सगळी केंद्रं बंद आणि फक्त या दोन जागांवर सूचना, अशी त्यांची व्यवस्था होती. तुमच्या डायलवर ते नाहीत, म्हणजे सेट त्याआधीचा. स्पीकर जून १९५१ चा, सेट त्याच वर्षी थोड्या महिन्यांनी जुळवला असेल.

निकाल: अमेरिकन, चार व्हॉल्व्ह आणि सेलेनियम, तिन्ही प्रकारच्या विजेवर चालणारा, फक्त मीडियम वेव्ह, १९५१. कंपनी अजून बाकी.

दांडियाबाजार
त्रिकोणाचं माहीत नव्हतं, छान. पण माझा मूळ प्रश्न राहिलाच. शॉर्ट वेव्ह नसलेला अमेरिकन सेट इंदुरात विकायला कोण ठेवेल? दुकानातून घेतलेला नाही हे नक्की. मग कोणीतरी सामानातून आणलेला. आणि १९५१ म्हणजे संस्थान विलीन होऊन तीन वर्षं झालेली.

भिया_इंदौरी
संस्थान विलीन झालं म्हणून महाराज कुठे गेले नव्हते. १९५६ पर्यंत मध्यभारताचे उपराजप्रमुख होते आणि १९६१ पर्यंत हयात होते. रेडिओ द्यायला राज्य कशाला लागतं? काकांची बाजू मी लढवणार.

लष्करची_सून
गंमत म्हणजे आकाशवाणी इंदूर ६४८ किलोहर्ट्झवर. त्रिकोणवाला सेट इंदुरात आणला असता तर त्रिकोणाला काटा लावला की जवळजवळ मालवा हाउसच! अमेरिकन सरकारने आपल्यासाठी खूण करून ठेवली असती.

कुमुद_नारायणबाग
पुस्तिका शोधलीत का? सगळे त्रिकोणात अडकले.

रामबागवाला
शोधतोय ताई. पिशव्या नऊ-दहा आहेत आणि प्रत्येकीत कोणाची ना कोणाची पत्रिका निघतेय. तोवर काकांना १९५१ सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "त्या अमेरिकेतल्या स्पीकरवाल्याला आपल्या घरातलं काय माहीत?" आणि पेपर वाचायला लागले.

महूचा_फौजी
काकांना माझा सॅल्यूट सांगा.

मालवामाणूस
विषयांतर होतंय पण विचारतो, असे व्हॉल्व्ह इंदुरात मिळतात का? जेल रोडला विचारलं तर पोरगा म्हणाला "अंकल, वो गीजर वाला?"

भिया_इंदौरी
जेल रोडवर आता मोबाइलचे कव्हर मिळतात, त्यावर व्हॉल्व्हचं चित्र असेल तर नशीब. महाराणी रोडवर एखाद्या जुन्या दुकानदाराच्या मागच्या फळीवर निघू शकतात, पण दुकानदाराचे वडील दुकानात बसलेले असताना जा. मुलाला विचारू नका.

व्हॉल्व्हवाला
आपल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सने बेंगळुरूला १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले, ते जुन्या साठ्यात अजून सापडतात, पण बहुतेक घरगुती मोठ्या सेटचे. बॅटरीवाले कमी.

रामबागवाला, पुढची पायरी. सेट प्लगपासून दूर ठेवून चारही व्हॉल्व्ह सरळ वर ओढून काढा, हलवत हलवत नको. प्रत्येकाच्या १ आणि ७ नंबरच्या पिनांमध्ये कंटिन्युइटी, म्हणजे आतली तार अखंड आहे का, ते बघा. मीटर डिजिटल वापरा. काट्याचा जुना मीटर सर्वांत खालच्या ओहम रेंजवर इतका करंट देतो की चांगली फिलामेंट तपासता तपासताच उडेल. १.४ भागिले ०.०५, म्हणजे चालू असताना २८ ओहम. थंड असताना बरंच कमी दाखवेल, घाबरू नका. चारांतली एक जरी तुटली असेल तरी सेट पूर्ण मुका, दिवाळीच्या स्वस्त माळेसारखं.

आणि एक धडा सगळ्यांसाठी: असा सेट प्लगवर चालू असताना मधला व्हॉल्व्ह काढून परत लावायचा नाही. काढल्यावर आतले कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) जास्त व्होल्टेजला भरून बसतात आणि परत लावताच तो सगळा लोंढा फिलामेंटमधून जातो.

रामबागवाला
तपासलं. १आर५, १यू४, १यू५ ठीक. ३व्ही४ मध्ये १ आणि ७ मधे काहीच दाखवत नाही.

व्हॉल्व्हवाला
३व्ही४ ची फिलामेंट दोन भागांत असते, मधला जोड ५ नंबरच्या पिनेवर. १-५ आणि ५-७ वेगवेगळं बघा.

रामबागवाला
५-७ ठीक, १-५ तुटलेलं.

व्हॉल्व्हवाला
मग तो गेला. का गेला तेही सांगतो, अंदाजच पण सहसा खरा ठरणारा. १यू५ कडून ३व्ही४ च्या ग्रिडला (करंट कमी-जास्त करणारी आतली जाळी) जाणारा मेणाचा कंडेन्सर गळका झाला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं आणि आउटपुट व्हॉल्व्ह नको तेवढा करंट ओढतो. तुमच्याकडे मेण वितळून सांडलंय, म्हणजे आत चांगलंच तापलं होतं. नवा व्हॉल्व्ह घालण्याआधी ते सगळे मेणाचे कंडेन्सर बदला, नाहीतर तोही जाईल.

दांडियाबाजार
एक विचारतो. डीएल९४ आणि ३व्ही४?

व्हॉल्व्हवाला
एकच. नंबर वेगळा, व्हॉल्व्ह तोच.

दांडियाबाजार
मग माझ्या डब्यातला घ्या. आमचा सेट वाळवीने खाल्ला, व्हॉल्व्ह नुसते पडून आहेत. फिलामेंट आत्ताच तपासली, दोन्ही भाग शाबूत. आमच्या वडिलांचा फिलिप्स तुमच्या अमेरिकन डब्यात बोलेल, एवढं समाधान मला पुरे.

व्हॉल्व्हवाला
मान गये. फक्त पाठवण्याआधी काचेवरचा नंबर पुन्हा वाचा. डीएल९६ असेल तर नको. ती नंतरची मालिका, सीरिजमध्ये २५ मिलिअँपिअरवर चालणारी. या ५० च्या साखळीत टिकणार नाही.

दांडियाबाजार
९४ च आहे. चार वेळा वाचायला लावू नका, चष्मा बदलायचा झालाय.

रामबागवाला
दांडियाबाजारकाका, काय बोलू. पत्ता खाजगी निरोपात पाठवतो.

आणि आता मोठी बातमी. पुस्तिका सापडली. आजीच्या पोथ्यांच्या पेटीत, हरतालिकेच्या कहाणीच्या खाली. कुमुदताई, दंडवत. पहिली नोंद १९५३ ची, शिक्का महू पोस्टाचा. पहिल्या पानावरचं नाव आबांचं नाही, एका दुसऱ्याच गृहस्थांचं, इंग्रजी वाटतं (इथे देत नाही). ते एका रेघेने खोडून खाली आबांचं नाव आणि रामबागेचा पत्ता, शिक्का इंदूरचा, तारीख पुसट पण १९५६ सारखी दिसते. आणि सेटची कंपनी जिथे लिहायची तिथे पोस्टाच्या कारकुनाने काय लिहिलंय? 'अमेरिकन पोर्टेबल'. बस्स!

भिया_इंदौरी
हाहाहा, त्या कारकुनालाही पाटी सापडली नव्हती.

महूचा_फौजी
पहिलं नाव इंग्रजी आणि पोस्ट महूचं म्हटलं की आमच्याकडे कोणाला आश्चर्य वाटत नाही. १९४७ नंतरही छावणीत, रेल्वेत, चर्चकडे परदेशी माणसं बरीच वर्षं होती. जाताना सामान विकून जायचे. बंगल्याच्या व्हरांड्यात टेबलं मांडून लिलाव व्हायचा, माझ्या सासऱ्यांनी तसाच एक बर्फाचा डबा घेतला होता. तुमचा रेडिओ आणि ट्रान्सफॉर्मर एकत्र आले असतील तर ते अशाच टेबलावरून.

कुमुद_नारायणबाग
१९५६ म्हणजे इंदूर केंद्र सुरू झाल्यावर लगेच. मग शॉर्ट वेव्ह नसलेला सेट घेण्यात आबांचं काही चुकलं नाही. इंदूर खणखणीत लागत असणार. मराठी घरातला हिशेबी माणूस, कमी पैशात मिळाला म्हणून घेतला.

रामबागवाला
काकांना पुस्तिका दाखवली. पूर्ण वाचली, उलटसुलट. मग म्हणाले, "महाराजांनी त्या साहेबाला दिला असेल."

लष्करची_सून
काकांना आमच्या ग्वाल्हेरला पाठवा, आमच्या सरौत्याची केस लढवायला.

मालवामाणूस
बॅटरीचं काय करणार? ६७.५ व्होल्टची बॅटरी आता कुठे मिळणार?

व्हॉल्व्हवाला
तशी मिळत नाही, पण ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या एकमेकींना जोडायच्या. सात लावल्या तर ६३ व्होल्ट, पुरे होतात. दहा लावल्या तर ९०. कागदावर किती लिहिलंय ते वाचता येत नसेल तर ६३ वरच राहा, आवाज थोडा कमी येईल पण व्हॉल्व्ह जगेल. 'ए' साठी साधे मोठे सेल पाच, साडेसात व्होल्ट. ६३ व्होल्ट कोरड्या हाताला फार जाणवत नाहीत, ओल्या हाताला जाणवतात, म्हणून जोडणी उघडी ठेवू नका. मोबाइलचा एलिमिनेटर 'ए' ला लावून बघू नका, त्याची खरखर मीडियम वेव्हवर सगळं झाकून टाकेल.

आणि स्टेशन लावल्यावर पेटी जागच्या जागी फिरवून बघा. झाकणातल्या वेटोळ्याला दिशा असते. एका बाजूला आवाज भरेल, काटकोनात जवळजवळ जाईल.

राहिली कंपनी. एक, चेसिसच्या मागच्या पट्टीवर धूळ पुसून बघा, ठोकलेला नंबर असतो. कोरड्या ब्रशने पुसा, पेट्रोल-थिनर नको, शाई असेल तर जाईल. दोन, त्या लंबगोल डागाचं माप घ्या, भोकांमधलं अंतरही. कंपन्यांच्या पाट्यांचे आकार ठरलेले असत आणि परदेशातले संग्राहक नुसत्या आकारावरून सांगतात. तीन, बटणं फिरवताना मधे गोल पितळी चकती आहे का, त्यावर काही उठाव आहे का. रेक्झीनला मात्र पॉलिश लावू नका, डाग निघाला तर पुरावा गेला.

रामबागवाला
डाग: लांबी ५३ मिमी, उंची १९. भोकांत ४१. चेसिसवर पाच आकडे दिसतात, मधला ३ की ८ कळत नाही. फोटो उद्या उजेडात काढतो. रविवारी फौजीकाकांकडे सेट घेऊन महूला जातोय, कंडेन्सर तिथेच बदलू.

महूचा_फौजी
सकाळी लवकर या, झाळ लावायला मला सकाळचा उजेड लागतो. पोहे इकडेच. आणि काकांनाही आणा, त्यांच्यासाठी आरामखुर्ची आहे.

भिया_इंदौरी
मी पण येऊन राहिलो. सेव माझ्याकडून.

लष्करची_सून
सगळे जमलेच आहात तर एक विचारते. आमच्या मोठ्या रेडिओत वर एक हिरवा डोळा आहे, स्टेशन लागलं की त्याची पापणी मिटायची. आता रेडिओ वाजतो पण डोळा काळा. तो व्हॉल्व्हच असतो का?

व्हॉल्व्हवाला
हो, व्हॉल्व्हच. पण त्याला वेगळा धागा काढा, इथे गर्दी झाली. आणि मागचं झाकण काढण्याआधी प्लग काढा, मग थोडा वेळ थांबा, मग हात घाला.